साइड मोल्डिंग पावसात सुटली? आधी पट्टी उलटी करून बघा

तुमचं म्हणणं मला जे समजलं ते असं. २०१७ ची लाल अल्टो, गाडी चिपळूणला. मे महिन्यात साइड मोल्डिंगचा, म्हणजे दारांवर बाहेरून चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट ऑनलाइन मागवला, तुम्ही आणि भावाने मिळून घरीच लावला, दोन महिने मस्त दिसली, आणि जुलैत डाव्या पुढच्या दाराची पट्टी मागच्या टोकाकडून उचलली, आता वीतभर मोकळी झालीय आणि आत चिखल जाऊन बसतो. गॅरेजवाला म्हणतो दोन स्क्रू मारून देतो, भाऊ म्हणतो फेविक्विक सोडूया, आणि तुम्हाला भीती की काढायला गेलो तर पट्टीसोबत कलरच निघून येईल. शिवाय त्याच सेटमधले डोअर व्हायझर (काचेच्या वर लावायच्या पावसाळी झडपा) आणि हँडलची क्रोम कव्हरं अजून डब्यातच आहेत, ती लावू की नको.

मी साताऱ्यात २००६ पासून कार अ‍ॅक्सेसरीजचं काम करतो, त्याआधी दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पोरगा म्हणून होतो, तेव्हा पट्ट्या किती लावल्या याचा हिशोब नाही पण सुटलेल्या किती परत लावल्या तो बऱ्यापैकी लक्षात आहे. त्यावरून सांगतो, स्क्रू नको आणि फेविक्विक तर अजिबातच नको, का ते पुढे येईलच. आणि पट्टी एवढ्या लवकर सुटली म्हणजे दहातल्या आठ वेळा ती पहिल्या दिवशी चिकटलीच नव्हती, नुसती दारावर टेकून होती. पावसाने फक्त ते उघड केलं.

आता हे ओळखायचं कसं, तर सुटलेला भाग हलक्या हाताने थोडा वर करा आणि बघा टेप कुठे राहिलीय. सगळं उत्तर तिथंच असतं आणि गिऱ्हाईक नेमकं तेवढंच सांगत नाही, म्हणतं टेप हलकी होती.

टेप पट्टीलाच चिकटून आलीय आणि तिचा दाराकडचा चेहरा गुळगुळीत चकचकीत आहे, बोट लावलं तर थोडा चिकटतोय पण धुळीने भरलाय, तर मग दाराची बाजू नीट साफ झाली नव्हती. टेप आणि कलर यांच्यामध्ये काहीतरी होतं, पॉलिश, वॅक्स, शाम्पूचा थर, किंवा साधी ओल. तुमच्या केसमध्ये मला हाच संशय सगळ्यात जास्त आहे, कारण तुम्ही लिहिलंय की "लावण्याआधी गाडी चांगली धुवून पॉलिश करून घेतली होती". भाऊ, तिथंच सगळं बिघडलं! पॉलिशचं कामच हे की त्याच्यावर काही चिकटू नये.

याच्या उलट टेप दारावर राहिली आणि पट्टीची पाठ कोरी असेल तर तुमची काही चूक नाही, टेप प्लास्टिकला धरत नव्हती. स्वस्त सेटमध्ये हे होतं. प्लास्टिक साच्यातून निघताना अडकू नये म्हणून साच्याला तेलकट काहीतरी मारतात, ते पुसलेलं नसतं, किंवा मटेरियलच पॉलिप्रॉपिलीन असतं ज्याला साधी टेप धरतच नाही. पट्टीच्या पाठीवर बारीक अक्षरात एबीएस (दुसरं एक प्लास्टिक) किंवा पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) असा मार्क असेल तर बघा. एबीएस असेल तर बरं, पीपी असेल तर त्याला आधी प्राइमर, म्हणजे टेप धरावी म्हणून मारायचा द्रव, लावावा लागतो. थ्रीएमचा प्राइमर ९४ म्हणून येतो, छोट्या पुडीत पण मिळतो, तो फक्त प्लास्टिकला लावायचा, गाडीच्या कलरवर सांडू द्यायचा नाही, पिवळट डाग राहतो.

आणि तिसरा प्रकार, टेप मधूनच फाटलीय, अर्धी दारावर आणि अर्धी पट्टीवर. म्हणजे दोन्ही बाजूंनी धरलं होतं पण मधला फोमच दुबळा. पांढरी जाड स्पंजासारखी टेप असते ना, भिंतीवर हुक लावायला वापरतात ती, तिचं हेच होतं. ती पाणी पिते आणि एका पावसाळ्यात तिचा पाव होतो, ओला पाव. चांगली अ‍ॅक्रेलिक फोमची टेप राखाडी किंवा काळी असते, तिच्यावरची सोलून काढायची पट्टी बहुतेक लाल असते, आणि तिचा तुकडा ओढला तर तुटत नाही, च्युइंगमसारखी लांबते. फक्त लाल पट्टी बघून फसू नका, बाजारात लाल पट्टीची कसलीही टेप मिळते. ओढून बघायची. पांढरा स्पंज असेल तर त्या सेटची चारही दारांची टेप बदला, आज ना उद्या सगळ्या पट्ट्या याच रस्त्याने जाणार आहेत.

पहिला प्रकार निघाला तर मात्र बाकीच्या तीन दारांना लगेच हात लावू नका. प्रत्येक पट्टीच्या टोकाखाली नख घालून बघा, नख आत जात नसेल आणि पट्टी हलत नसेल तर ती राहू द्या. चांगली बसलेली पट्टी विनाकारण उपटण्यात शहाणपण नाही.

मागचं टोकच का उचललं हा पण तुम्हाला पडलेला प्रश्न आहे आणि तो चांगला प्रश्न आहे. यात उन्हाचा हात आहे, फक्त पावसाचा नाही. प्लास्टिक आणि पत्रा दोन्ही उन्हात वाढतात पण सारखे वाढत नाहीत. एबीएसची एक मीटरची पट्टी दर दहा डिग्रीला साधारण पाऊण मिलिमीटर वाढते, पत्रा त्याच्या सहावा-सातवा हिस्सा. सकाळी २० डिग्री आणि दुपारी उन्हात उभ्या लाल गाडीचा पत्रा ६५ च्या आसपास, म्हणजे ४५ चा फरक. अल्टोच्या पुढच्या दाराची पट्टी ९० सेंटीमीटर धरा, तर ती तीन मिलिमीटरपर्यंत लांब व्हायला बघते आणि खालचा पत्रा अर्धा मिलिमीटरच. हा सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा फरक दोन टोकांत वाटला जातो, मधे काहीच ताण नाही, सगळी ओढाताण टोकांना. रोज दुपारी बाहेर, रोज रात्री आत. म्हणून ही टेप फोमची आणि जवळपास एक मिलिमीटर जाड असते, ती रबरासारखी पुढे-मागे होऊन तो फरक पोटात घेते. टोकाखाली पॉलिशचा थर असेल तर टेप तिथं आधी सोडते, मग फटीत पाणी जातं, पाण्याबरोबर बारीक माती, आणि एकदा माती गेली की टेप परत धरत नाही, कितीही दाबा.

हेच फेविक्विकचं उत्तर पण आहे. फेविक्विक वाळलं की काचेसारखं कडक, त्याला लवचिकपणा नाही, पट्टी वाढली-आखडली की एक तर ते तडकतं, नाहीतर कलरचा टवका घेऊन निघतं. शिवाय त्याचे ओघळ कलरवर पांढरे डाग पाडतात ते रबिंग केल्याशिवाय जात नाहीत. काही जण सिलिकॉन भरतात, त्यातलं व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तर पत्र्याच्या जवळ पण आणू नका, ते वाळताना आम्ल सोडतं आणि कुठे बारीक ओरखडा असेल तर तिथं गंज धरतो. आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर टेपही धरत नाही आणि पेंटही नीट बसत नाही, पेंटर शिव्या देतो ते वेगळं.

स्क्रूबद्दल. दाराचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्याला भोक पाडलं की कापलेली कड उघडी. आता दाराच्या आत काय असतं बघा, पावसाचं पाणी काचेच्या रबराजवळून आत उतरतंच, ते प्रत्येक गाडीत उतरतं, म्हणून दाराच्या तळाला पाणी जायची भोकं ठेवलेली असतात. म्हणजे दार आतून पावसाळाभर ओलं. त्या ओल्यात तुमच्या स्क्रूचं टोक. चिपळूणच्या पावसात दोन वर्षांत पट्टीच्या खालून तांबडा ओघळ दिसायला लागेल. आणि स्क्रू लांब असेल तर काच खाली करताना त्याला घासते हे गॅरेजवाल्याने सांगितलं नसेल. मी सुरुवातीला ज्या दुकानात होतो तिथं सर्रास स्क्रू मारायचे, त्या काळात ते चालून जायचं, लोक विचारायचे नाहीत.

आता काढायचं कसं. तुमची भीती बरोबर आहे पण कंपनीचा कलर असेल तर तो सहसा निघत नाही, तो भट्टीत भाजलेला असतो, टेपच्या बापाला ऐकत नाही. कलर निघतो तो परत मारलेल्या दाराचा, खासकरून खाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर. गाडी सेकंडहँड घेतली आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा आधी हे दार ओरिजिनल आहे का बघा. दाराच्या आतल्या कडेला, रबर उचलून, रंग मारताना लावलेल्या मास्किंग टेपची रेघ दिसते का, बाजूच्या दारापेक्षा रंगात फरक आहे का, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा वेगळा आहे का. किंवा एखाद्या डेंटरला दाखवा, तो बोटाने टकटक करून दोन मिनिटांत सांगेल. परत मारलेलं निघालं तर सगळं काम दुप्पट सावकाश.

पट्टी कधीही ओढून काढायची नाही. घरातला हेअर ड्रायर घ्या, पट्टीवर एका जागी न धरता मागं-पुढं फिरवत दोन-तीन मिनिटं, हात लावला तर चांगलं गरम लागेल पण चटका बसणार नाही इतकंच. हीट गन असेल तर ती सवयीच्या माणसाच्याच हातात, पट्टी वाकडी होते. मग तंगूस घ्या, मासे पकडायची नायलॉनची दोरी, तुमच्याकडे ती कुठेही मिळेल, थोडी जाड बघून. दोन्ही टोकं हातमोज्यावर गुंडाळून पट्टी आणि दाराच्या मध्ये घालायची आणि करवतीसारखी मागं-पुढं ओढत न्यायची, फोम कापत जाते, कलरला काही होत नाही. पत्र्याला समांतर ठेवा एवढंच. स्क्रू ड्रायव्हर, पाना, सुरी यातलं काही घालू नका.

दारावर जो फोम राहील तो परत थोडा गरम करून अंगठ्याने चोळत चोळत गोळी करून काढायचा, कंटाळवाणं काम आहे, बोटं दुखतात. उरलेला चिकटपणा रॉकेलच्या फडक्याने जातो पण रॉकेल स्वतः तेलकट, त्यामुळे त्यानंतर भांड्याच्या साबणाने धुवायचं आणि मग पुढची सफाई. थिनर नको, परत मारलेल्या कलरला थिनर लागला तर तो सुरकुततो, मी होताना बघितलंय.

सफाई म्हणजे खरं काम. लावायला दहा मिनिटं लागतात, सफाईला पाऊण तास लागला पाहिजे. आधी साध्या साबणाने धुवा, वॅक्सवाला शाम्पू नको. वाळवा. जुनी लाल गाडी आहे, फडक्याला लाल रंग लागतोय का बघा, लागत असेल तर वरचा कलर उन्हाने भुकटी झालाय, टेप त्या भुकटीला चिकटेल, कलरला नाही. तेवढ्या पट्ट्यात हलक्या रबिंग कंपाउंडने तो थर काढा, पट्टीच्या रुंदीएवढ्याच जागेत, आणि कंपाउंड पूर्ण धुऊन काढा.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. मोबाइल रिपेअरिंगला लागणारं सामान विकतात त्या दुकानात आयपीए म्हणून मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अ‍ॅसिटोन एबीएस विरघळवतं आणि कलरही खातं. पेट्रोल नको, ते उडून जातं पण मागे तेलकटपणा ठेवतं, आमचे उस्ताद आयुष्यभर पेट्रोलनेच पुसायचे आणि पट्ट्या सुटल्या की टेपवाल्याला फोन करायचे. आणि कोविडपासून लोकांच्या घरी सॅनिटायझरच्या बाटल्या पडल्यात, त्यातही अल्कोहोलच असतं ना म्हणून कोणीतरी तेच वापरतं, पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, म्हणजे तुम्ही पुसून परत माखता.

पुसायची पद्धत पण आहे. एका ओल्या स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसायचं आणि वाळायच्या आत लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं, नाहीतर विरघळलेलं पॉलिश तिथंच परत बसतं. दोन-तीन वेळा, दरवेळी फडक्याची नवी घडी. झालं की नाही हे कळायला पाण्याचा साधा प्रयोग करा, त्या जागेवर थोडं पाणी ओता. पाणी मोत्यासारखं थेंब थेंब होऊन घरंगळलं तर वॅक्स अजून आहे, पाण्याचा सलग पातळ पडदा होऊन उतरलं तर जागा साफ आहे. हे बघितल्यावर परत वाळवून परत एकदा आयपीए. त्यानंतर त्या जागेला बोटसुद्धा लावायचं नाही, हाताच्या तळव्याला तेल असतंच.

गाडीवर टेफलॉन किंवा सिरॅमिक कोटिंग केलं असेल तर मात्र वेगळं, ते आयपीएने जात नाही, तेवढा पट्टा बारीक कंपाउंडने घासून उघडा करावा लागतो. हे मी फुकट शिकलो नाही. २०११ साली एका गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीवर सकाळी टेफलॉन केलं आणि संध्याकाळी त्याच गाडीवर चारही दारांना मोल्डिंग लावलं, आठवड्यात चारही पट्ट्या हातात घेऊन माणूस दारात उभा. टेप एक नंबर होती. त्यानंतर दुकानात नियमच केला, आधी पट्ट्या, मग तीन दिवसांनी कोटिंग.

आता तुमची खरी अडचण, जुलै. चिपळूणला आत्ता हवेतच एवढी ओल आहे की पत्रा पुसून वळेपर्यंत परत दमट. माझं मत विचाराल तर आत्ता पट्टी नुसती काढून ठेवा, घरात सपाट ठेवा, फोम साफ करून ठेवा, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये लावा. दार तेवढे दिवस उघडं राहिलं तर काही बिघडत नाही, अर्धी लोंबकळणारी पट्टी मात्र कलर घासते आणि एखाद्या दिवशी हायवेवर उडून मागच्या दुचाकीवाल्याला लागेल. थांबायचंच नसेल तर बंद गॅरेज किंवा पार्किंग हवं, गाडी आदल्या रात्रीपासून आत आणि कोरडी, आणि लावण्याआधी ड्रायरने पत्रा आणि पट्टी दोन्ही कोमट करून घ्यायची. या टेपला २० ते ३८ डिग्रीच्या दरम्यान लावलेलं मानवतं. मे महिन्यात भर उन्हात लावली असेल तर तेही चूक होतं, तापलेल्या पत्र्यावर टेप मऊ पडते, आणि पट्टी फुगलेल्या लांबीत बसते मग रात्री आखडताना टोकं ओढते.

लावताना जागा ठरवणं. जमिनीपासून मोजू नका, अंगण कधी सपाट नसतं आणि एखाद्या टायरमध्ये हवा कमी असते. दारावरच जी रेघ दाबलेली असते किंवा काचेखालचं बीडिंग, तिथून मोजा. पट्टी दाराच्या सगळ्यात फुगीर भागावर आली पाहिजे, कारण पार्किंगमध्ये शेजारच्याचं दार तिथंच आपटतं, पट्टीचा शोभेपलीकडे काही उपयोग असेल तर तेवढाच. दोन्ही दारं बंद करून मास्किंग टेपची एक सलग रेघ मारा, चार पावलं मागे जाऊन बघा, मग गुडघ्यावर बसून बघा. डोळ्याला सरळ दिसली पाहिजे, मोजपट्टीवर सरळ असून उपयोग नाही.

आणि हे नीट वाचा. पुढच्या दाराची पट्टी दाराच्या पुढच्या कडेला भिडवायची नाही. दार उघडताना त्याची पुढची कड फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आत वळते, पट्टी कडेपर्यंत असेल तर ती फेंडरला घासते. पाच-सहा मिलिमीटर मागे ठेवा, आणि चिकटवण्याआधी मास्किंग टेपने पट्टी तात्पुरती लावून दार पूर्ण उघडून बघा, चारही दारं. मी दुकान टाकलं त्याच वर्षी हे न बघता एक पट्टी लावली, दिसायला अगदी फॅक्टरीसारखी, गिऱ्हाइकाने ऐटीत दार उघडलं आणि फेंडरचा टवका गेला. पेंटिंगचे पैसे मी भरले.

नवी टेप पट्टीच्या पाठीवर लावताना कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत ठेवायची आणि टोकापर्यंत न्यायची. टोकाला टेप कमी पडली की तिथूनच पाणी शिरतं. तुमच्या जुन्या पट्टीत शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर टेपच नव्हती असं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही, स्वस्त सेटमध्ये टेप टोकापर्यंत देत नाहीत. टेप ओढून ताणून लावायची नाही, नुसती ठेवत जायची. मग लाल पट्टी दोन्ही टोकांना दोन-तीन बोटं सोलून बाहेरच्या बाजूला दुमडायची, म्हणजे पट्टी दारावर रेघेला धरली की आधी फक्त ती टोकं चिकटतात, बरोबर आहे का बघता येतं, आणि मग बाकीची लाल पट्टी खालून ओढत न्यायची. दुसरा माणूस हवाच, भावाला घ्या.

स्टिकर लावताना साबणाचं पाणी मारून सरकवून लावतात ते बघून काही जण मोल्डिंगलाही पाणी मारतात. स्टिकरचं पाणी रबरी पट्टीने बाहेर काढता येतं, फोमखालचं पाणी कुठे जाणार? इथं एकदाच टेकवायचं, आणि टेकवल्यावर उचलून परत लावायचं नाही.

दाब. ही टेप दाबाने चिकटते, वाळून नाही, आणि तिला चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब लागतो. १२ मिलिमीटर रुंद टेप असेल तर दर इंचाला तीन किलो आला. म्हणजे तळहाताने थोपटून चालत नाही, अंगठा रोवून इंच इंच करत जायचं, दोनदा, टोकांना तीनदा. पत्रा आत दबतोय असं वाटलं तर दुसरा हात बाजूला टेकवून बेताने. नंतर पट्टीवर मास्किंग टेपचे आडवे पट्टे मारून एक दिवस ठेवा.

पहिल्या वीस मिनिटांत निम्मी ताकद येते, एका दिवसात नव्वद टक्के, पूर्ण यायला तीन दिवस. तेवढ्यात गाडी धुवायची नाही, पावसात काढायची नाही. आणि पुढेही सर्व्हिसिंगला देताना वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचा फवारा पट्टीच्या टोकावर तिरका धरू नको, हातभर लांबून मार. बऱ्याच चांगल्या पट्ट्या मी वॉशिंग सेंटरवर मेलेल्या बघितल्यात. टायर पॉलिश मारताना उडणारे शिंतोडे पण सिलिकॉनचे असतात, ते नव्या टेपच्या कडेला नकोत.

म्हणजे क्रम असा: टेप कुठे राहिली बघा, दार ओरिजिनल आहे का बघा, तंगुसाने काढा, पाण्याच्या प्रयोगात पास होईपर्यंत साफ करा, कोरड्या दिवशी कोमट पत्र्यावर लावा, अंगठ्याने दाबा, तीन दिवस पाणी नाही. दार नुकतंच पेंट केलेलं असेल किंवा आता करून घेणार असाल तर पेंटनंतर महिनाभर काही चिकटवू नका, आतला थिनर अजून उडत असतो, टेपखाली तो कोंडला की बुडबुडे येतात.

भावाने आरटीओचं विचारलंय, मोल्डिंगचा काही त्रास नाही. त्रास आहे तो पुढे लावायच्या लोखंडी बुल गार्डचा, २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, गाडीत बदल केला म्हणून. पट्ट्या त्यात येत नाहीत. नंबर प्लेट आणि लाइट झाकला जाईल असं काही लावू नका म्हणजे झालं. मागच्या बंपरला गार्निश, म्हणजे शोभेची पट्टी, लावायचा विचार असेल तर बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो हे ध्यानात ठेवा, तिथं कंपनीच्या कलरवर टेप धरते पण काळ्या बिनकलरच्या बंपरवर प्राइमरशिवाय धरत नाही.

डोअर व्हायझर जरूर लावा, कोकणात त्याच्याइतकी उपयोगाची वस्तू नाही, काच दोन बोटं उघडी ठेवून गाडी चालवता येते आणि काचा धुरकट होत नाहीत. सफाई तीच, फक्त व्हायझर दाराच्या फ्रेमवर बसतो, काचेच्या रबरावर नाही, आणि लावल्यावर काच एक दिवस बंदच ठेवायची, खाली-वर केली की व्हायझर हलतो.

क्रोम हँडल कव्हर मात्र डब्यातच राहू द्या. प्लास्टिकवर क्रोमचा मुलामा असतो, दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत त्याला फोड येतात आणि सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी लागते, आमच्याकडे एका बाईंचं बोट चांगलंच कापलं होतं. कव्हर आणि हँडलच्या मध्ये माती अडकून खालचा कलर घासला जातो तो कव्हर काढल्यावरच दिसतो. घरात कोणाला चमक हवीच असेल तर डिकीवरची एक पट्टी लावा, तिथं हात लागत नाही.

पट्टी काढलीत की तिच्या पाठीचा आणि दाराच्या जागेचा फोटो उजेडात काढून दाखवा, टेप कुठल्या बाजूला आहे ते बघून नवी टेप किती रुंद आणि किती जाड घ्यायची ते सांगतो. अल्टोच्या पट्टीची टेप बसायची खाच बहुतेक १२ मिलिमीटरची बसते पण ऑनलाइन सेटचा भरवसा नाही, मोजूनच घ्या.